पाणी ओसरायच्या आत आलेली 'पार्टी': गुंतवणूकदार मित्रांना खुलं पत्र

गुंतवणूकदार मित्रांनो,

सप्टेंबर 2025 चा शेवटचा आठवडा आठवा. सीना नदी पात्र सोडून माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांत शिरली होती. धाराशिव, बीड, जालन्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली कुजत होतं. दावणीला बांधलेली जनावरं तिथेच बुडाली होती. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आपल्या गुंतवणूकदारांच्या ग्रुपवर एक मेसेज आला: पुरानंतरच्या पुनर्बांधणीत कोणते शेअर चालतील? खाली यादी होती. सिमेंट, पाइप, ट्रॅक्टर, बियाणं. रात्री जेवून फोन उघडला तर त्यावर चाळीसच्या वर अंगठे पडले होते.

मी खाली एकच ओळ लिहिली. "हा फायदा नेमका कोणाच्या खिशातून येणार?" त्यावर कोणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि विषय पुढे गेला.

आपल्या ग्रुपात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, सीए आहेत, शिक्षक आहेत, दोन डॉक्टर आहेत. कोणी वाईट माणूस नाही. पूरग्रस्तांसाठी गोळा केलेल्या पैशात याच लोकांचे पैसे आहेत, याचीही मला जाण आहे. म्हणून रागाने नाही, पण अगदी मनापासून आणि सविस्तर लिहितोय. हे पत्र फक्त आपल्या ग्रुपपुरतं नाही. शेअर घेणारे, जागा घेणारे, विमा आणि रोख्यांत पैसा लावणारे, अशा सगळ्यांसाठी आहे.

आधी चिपळूणचं सांगतो, कारण माझा प्रश्न तिथून सुरू झाला.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझ्या मामांचं कापडाचं दुकान आहे. 22 जुलै 2021 ला पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी एकत्र गावात आल्या. 26 जुलै 2005 चा पूर मामांनी पाहिला होता, त्यामुळे रात्रीच त्यांनी गठ्ठे वरच्या फळ्यांवर चढवले होते. या वेळी पाणी त्या फळ्यांच्याही वर गेलं. गणपतीला दीड-दोन महिने उरले होते. कोकणात कापडवाल्याचं वर्ष गणपतीवर चालतं, म्हणून बँकेची सीसी, म्हणजे धंद्यासाठी मिळणारी कर्जाची मर्यादा, पूर्ण उचलून माल भरला होता. मी पाचव्या दिवशी पोचलो तेव्हा दुकानात पोटरीएवढा चिखल होता. साड्यांच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. उलगडायला गेलं की लाल रंग पिवळ्यात उतरलेला दिसायचा. मामी एकेक साडी उलगडून बघत होत्या. काही उपयोग नव्हता, तरी बघत होत्या.

पहिले आले ते ओला माल वजनावर घेणारे. विम्याचा सर्व्हेअर येऊन जायच्या आतच त्यांनी बाजारपेठेत फेऱ्या मारल्या. एका गल्लीत एकच माणूस भाव सांगायचा, दुसरा त्या गल्लीत यायचा नाही. हजार-बाराशेच्या साड्या किलोवर गेल्या. ते मी एक वेळ समजू शकतो, कारण तो माल कोणीतरी उचलायलाच हवा होता. ठेवून त्याची घाणच झाली असती.

नवव्या दिवशी मात्र एक एजंट आला. गाडी लांब चिंचनाक्याकडे लावून चालत आला होता, कारण गल्लीत अजून गाळाचे ढीग होते. "काका, पुण्याची पार्टी आहे. रोख. आज टोकन घ्या, साठेखत पुढच्या आठवड्यात." पुराआधी त्या दुकानाला बेचाळीस लाखांची मागणी येऊन गेली होती. त्याने एकोणीस सांगितले. मामांचे दोन्ही हात चिखलाने भरलेले होते, त्यामुळे कागद हातात घेता येईना. त्याने तो स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर मामांचाच चष्म्याचा डबा ठेवला. "पाणी परत येणारच आहे काका. पुढच्या वर्षी एवढेही कोणी देणार नाही."

मामांनी दिलं नाही. पण ते काही फार धैर्याचं लक्षण नव्हतं. माझा मामेभाऊ नोकरीला होता, त्याने पगारावर कर्ज काढलं आणि सीसीचं व्याज भरलं. दोन दुकानं सोडून पलीकडच्या काकांना असा मुलगा नव्हता. त्यांनी टोकन घेतलं.

पुढे काय झालं ते बघा. विम्याचे पैसे आले, पण आठ महिन्यांनी आणि अर्धेच. बँकेने सांगितलं तेवढ्याच रकमेचा विमा उतरवला होता, माल त्याच्या जवळपास दुप्पट होता. मालापेक्षा विमा कमी असला की भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते, हे मामांना तेव्हा कळलं. गावातल्या लोकांनी चिपळूण बचाव समितीच्या माध्यमातून डिसेंबर 2021 मध्ये साखळी उपोषण केलं. मग वाशिष्ठीतला आणि शिवनदीतला गाळ काढायला यंत्रं उतरली. बाजार हळूहळू उभा राहिला. अडीच वर्षांनी त्याच रांगेतलं एक दुकान पन्नास लाखांच्या पुढे गेलं. पलीकडच्या काकांची जागा तोवर पुण्याच्या पार्टीने भाड्याने दिलेली होती.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, आणि ग्रुपवर एकदा म्हणालेही आहेत, की त्या माणसाला पैशाची गरज होती, पार्टीने पैसे दिले, दोघांनी राजीखुशीने सही केली, मग चूक काय? नीट हिशोब करा. त्या काकांना दुकान विकायचंच नव्हतं. त्यांना आठ महिने तग धरायचा होता. विम्याचे पैसे येईपर्यंत, गाळ निघेपर्यंत, एक गणपती मागे पडेपर्यंत. बेचाळीस आणि एकोणीसमधले तेवीस लाख ही त्या आठ महिन्यांची किंमत होती. तुम्ही दुकान स्वस्तात घेतलं नाही. तुम्ही त्यांचं थांबता न येणं विकत घेतलं.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे, सावकारी. महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं जाळली. त्यानंतर 1879 मध्ये इंग्रज सरकारलाही कायदा करावा लागला, ज्यात कागदावर सही आहे म्हणून न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जाण्याची मुभा कोर्टांना मिळाली. आणि आज 2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहेच. अवैध सावकारीतून घेतलेली जमीन जिल्हा निबंधक मूळ मालकाला परत देऊ शकतात, मग खरेदीखत कितीही पक्कं असो. म्हणजे अडलेल्या माणसाची सही आणि मोकळ्या माणसाची सही सारखी नसते, हे आपल्या कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखलंय. पुरात अडलेल्या दुकानदाराला मात्र तो आधार नाही, कारण पार्टीने त्याला कर्ज दिलेलं नसतं. थेट खरेदी केलेली असते.

शिवाय यात माहितीचाही खेळ असतो. पूररेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. जागा निळ्या रेषेच्या आत गेली की बांधकामाची परवानगी अवघड होते, बँक कर्ज द्यायला कचरते आणि भाव पडतो. ही रेषा कधी बदलणार, गाळ काढायला पैसे कधी मंजूर होणार, रस्ता कुठून वळणार हे कोणाला आधी कळतं? चिखल उपसणाऱ्याला की मुंबई-पुण्यात बसलेल्याला? शेअर बाजारात आतली माहिती वापरून सौदा केला तर बाजारावर नियंत्रण ठेवणारी सेबी पकडते. जमिनीत त्याला आपण 'नजर' म्हणतो आणि त्या माणसाचं कौतुक करतो.

आता शेअरचं. इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. पुराच्या दुसऱ्या दिवशी सिमेंट कंपनीचा शेअर घेतला तर पूरग्रस्ताचं थेट काही जात नाही. तुम्ही तो तिसऱ्याच कोणाकडून तरी घेता. कंपनीलाही तुमचा पैसा मिळत नाही. घरं पुन्हा बांधायची तर सिमेंट लागणारच आणि ते बनवणाऱ्याने नफा कमावण्यात गैर काही नाही. 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानात भूकंप झाला, हजारो माणसं ढिगाऱ्याखाली होती, आणि इस्तंबूलच्या बाजारात बहुतेक शेअर कोसळत असताना सिमेंटचे शेअर वर जात होते. दोन दिवसांनी तिथला बाजारच बंद करावा लागला, त्या दिवशीचे सौदे रद्द झाले आणि बाजार थेट 15 फेब्रुवारीला पुन्हा उघडला. सिमेंटचा शेअर घेणाऱ्या प्रत्येकाला मी लुटारू म्हणणार नाही. कारण तो मीही आहे.

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर होती. धोक्याची पातळी 45. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तो आठवडा. मी डोंबिवलीत घरी बसून एका पाइप कंपनीचे शेअर घेतले होते. विचार सरळ होता, पूर ओसरला की शेतातल्या पाइपलाइनी नव्याने टाकाव्या लागतील. रात्री टीव्हीवर सांगितलं की पाऊस कमी झालाय, पाणी उतरायला लागलंय. बायको म्हणाली, "सुटली बिचारी." आणि त्या क्षणी मला, खोटं नाही सांगत, थोडं वाईट वाटलं. अर्धं सेकंद असेल. पण वाटलं. माझे शाळेतले दोन मित्र सांगलीत राहतात. त्यातल्या एकाच्या घरात तेव्हा पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते शेअर विकले. तोटा नव्हता, फायदाही नव्हता. त्या सौद्यात कोणाचं नुकसान झालं नाही, हे खरंच आहे. पण मी काय इच्छायला लागलो होतो, ते मला दिसलं. पैसा जिथे लावतो तिथे मन जातं. संकट वाढलं तर आपलं भलं होईल अशा जागी पैसा ठेवला की मन संकट वाढायची वाट बघायला लागतं, आणि ते कधी सुरू झालं हे आपल्यालाही कळत नाही. ग्रुपवरचा तो मेसेज मला म्हणून खुपला. त्यातल्या शेअरांनी कोणाचं बिघडत नव्हतं. पण चाळीस शहाणी माणसं एका संध्याकाळी पूर किती मोठा होतो याची वाट बघायला लागली होती.

मग संकटातून नफा कमवायचाच नाही का? नाही, असं माझं म्हणणं नाही. उलट एक प्रकारचा नफा मला पूर्ण न्याय्य वाटतो, आणि तो समजून घ्यावा म्हणून थोडं लांबचं उदाहरण देतो.

जमैका हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. दरवर्षी वादळांच्या तोंडावर. 2024 मध्ये जागतिक बँकेमार्फत या देशासाठी 15 कोटी डॉलरचे आपत्ती रोखे काढले गेले. व्यवस्था अशी की गुंतवणूकदार पैसे आधी आणून ठेवतात. वादळ आलं नाही तर त्यांना चांगलं व्याज मिळतं आणि मुदत संपल्यावर मुद्दल परत मिळतं. ठरलेल्या तीव्रतेचं वादळ आलं तर मुद्दल जमैकाला जातं आणि गुंतवणूकदार ते गमावतो. 28 ऑक्टोबर 2025 ला 'मेलिसा' हे पाचव्या श्रेणीचं वादळ जमैकावर धडकलं. रोख्यांचे सगळे, पूर्ण 15 कोटी डॉलर जमैकाला मिळाले.

इथे गुंतवणूकदाराने काय केलं? वादळाच्या आधी, आकाश निरभ्र असताना, तो समोर आला आणि म्हणाला, तुझी जोखीम मी घेतो, त्याचे पैसे दे. दोघेही मोकळे होते, दोघेही नाही म्हणू शकत होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला वादळ नको होतं. जमैकातल्या आईला रात्री जे वाटत होतं तेच त्यालाही वाटत होतं, की हे वादळ दुसरीकडे वळो. पुण्याच्या पार्टीचं नेमकं उलट होतं. ती पाण्यानंतर आली, आणि पाणी जेवढं चढेल तेवढा तिचा फायदा होता.

माझ्यापुरता मी हाच धडा घेतलाय. पैसा संकटाच्या आधी आला की नंतर, आणि संकट टळलं तर त्याच्या मालकाला आनंद होतो की हळहळ, एवढं बघतो.

अर्थात या रोख्यांतही मेख असते, ती अटींत. त्याच जमैकाच्या दक्षिणेकडून जुलै 2024 मध्ये 'बेरिल' हे चौथ्या श्रेणीचं वादळ गेलं. घरं उडाली, शेती गेली. पण वादळाची तीव्रता हवेच्या दाबावरून मोजायची होती, आणि तो करारात ठरलेल्या आकड्याइतका खाली गेला नाही, म्हणून रोख्यातून एक डॉलरही मिळाला नाही. त्याहून वाईट उदाहरण 2017 च्या साथरोग रोख्यांचं. जागतिक बँकेने गरीब देशांसाठी 32 कोटी डॉलरचे रोखे काढले होते आणि त्यातल्या जास्त जोखमीच्या भागावर 11 टक्क्यांहून जास्त व्याज होतं. काँगोत 2018 पासून इबोलाने दोन हजारांहून जास्त माणसं मेली, तरी रोख्यातून काही मिळालं नाही, कारण दुसऱ्या देशातही किमान वीस मृत्यू व्हायला हवेत अशी अट होती. कोविडमध्ये पैसे सुटले, पण एप्रिल 2020 मध्ये, कारण साथ सुरू होऊन बारा आठवडे उलटण्याची अटही त्यात होती. साथीत बारा आठवडे म्हणजे काय, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. अशा अटी कोणीतरी शहाण्या माणसाने बसून लिहिलेल्या असतात. ज्याने लिहिल्या आणि ज्याने त्या वाचून पैसा लावला, तो 'मी जोखीम घेतली' एवढं म्हणून सुटत नाही.

आपल्या पीकविम्याला हेच लागू पडतं. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत खरिपातल्या धान्य-तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्के, बाकीचा सरकार भरतं, म्हणजे आपणच भरतो. 2020 मध्ये बीडमध्ये विमा उतरवायला कंपन्या पुढे येईनात, तेव्हा तिथून एक तोडगा निघाला, ज्याला 'बीड पॅटर्न' म्हणतात. भरपाई हप्त्याच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी झाली तर कंपनीने 20 टक्केच ठेवायचे, उरलेले सरकारला परत करायचे. 110 टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार सरकारचा. नफ्याला हद्द घालता येते, हे महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी जिल्ह्याने दाखवून दिलं. मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण 2025 च्या खरिपात राज्याने स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरच्या नुकसानीचं संरक्षण योजनेतून काढलं, भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर ठेवली, आणि त्याच सप्टेंबरात मराठवाडा बुडाला. विमा कंपन्यांचे शेअर आपल्यातल्या किती जणांकडे आहेत? वार्षिक सभेत एकाने तरी विचारलं का, की आपल्या कंपनीने सर्व्हे किती दिवसांत केला आणि किती दावे कशावरून नाकारले? आपण लाभांश विचारतो. तो विचारायचा हक्क ज्या शेअरमधून येतो त्याच शेअरमधून हा प्रश्न विचारायचाही हक्क येतो.

आणि आता पाऊसच बाजारात येऊ घातलाय. एनसीडीईएक्स हा शेतमालाचा वायदेबाजार आणि हवामान खातं यांच्यात जून 2025 मध्ये करार झाला, पावसावर आधारित वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आधीच ठरवलेले सौदे, तयार करण्यासाठी. शेतकऱ्याला, वीज कंपनीला आपली जोखीम उतरवता आली तर त्यात चांगलंच आहे. मी विरोधात नाही. पण समोरच्या बाजूला आपण असणार आहोत. डोंबिवलीत बसून लातूरच्या पावसावर पैसे लावणार. तेव्हा कृपा करून त्याला जुगारासारखं घेऊ नका. शेतकऱ्याची जोखीम घेण्यासाठी उतरणं वेगळं आणि दुष्काळ पडेल म्हणून जिंकायला उतरणं वेगळं.

माझी मागणी फार मोठी नाही. आपत्ती जाहीर झालेल्या गावात वर्षभर तरी जागा-जमीन विकत घ्यायला जाऊ नका, आणि एजंटला पाठवू नका. कोणी स्वतःहून विकायला आलाच तर पुराआधीचा भाव द्या, नाहीतर त्याला वर्षभरात तेवढ्याच पैशात परत घ्यायची मुभा साठेखतात लिहून द्या. खरंच मदत करायची असेल तर त्याला आठ महिने द्या. म्हणजे कमी व्याजाचं कर्ज द्या, गावातल्या पतसंस्थेत ठेव ठेवा, व्यापारी संघटनेला विचारा. त्यावर तुम्ही रास्त व्याज घ्या, मी कधीही नाव ठेवणार नाही.

सरकारकडेही हे मागायला हवं, आणि ते गुंतवणूकदारांनीच मागितलं तर त्याला वजन येईल. ऑगस्ट 2023 मध्ये अमेरिकेच्या हवाई राज्यातलं लाहैना गाव वणव्यात जळालं, शंभराच्या वर माणसं गेली, आणि लगेच घरमालकांना जमीन विकता का म्हणून फोन यायला लागले. तिथल्या गव्हर्नरने न मागता अशी बोली लावणं हाच गुन्हा ठरवला. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यानंतर कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनेही तसंच केलं. आगीआधीच्या किमतीपेक्षा कमी दराने, मालकाने बोलावलेलं नसताना, बोली लावायची नाही. जिथे बाजार देवासारखा मानतात त्या देशात हे झालं. आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपत्तीग्रस्त भागातल्या खरेदीखतांवर अशी एक वर्षाची अट घालणं अशक्य नाही.

मामा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. दुकान चालू आहे. आत शिरताना उजव्या भिंतीवर त्यांनी तेलरंगाने दोन रेघा मारल्यात, एक 2005 ची, एक 2021 ची. दुसरी माझ्या डोक्याच्या बरीच वर आहे. माल आता पोटमाळ्यावर असतो आणि विमा पूर्ण मालाचा. पलीकडचे काका संध्याकाळी येऊन बसतात, कारण बसायला त्यांचं दुकान राहिलेलं नाही. समोर आपलीच जुनी जागा दिसते, म्हणून ते पाठ करून बसतात. मामा त्यांना चहा सांगतात आणि त्या विषयावर कोणी बोलत नाही.

त्या मेसेजखाली माझा प्रश्न अजून तसाच आहे. आता तरी कोणीतरी त्याचं उत्तर लिहा. नाव घालून लिहा, मीही घालतोय असं समजा. ग्रुपात सगळे मला ओळखतात.

आपला,
ग्रुपातला एक जुना सभासद
डोंबिवली